सिफर कुणाचा ते सोडा, दप्तर कोण वाचणार ते बोला

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तेव्हापासून शब्दांची कुळं शोधण्याचा हंगाम सुरू आहे. हंगाम वाईट नाही. लोक निदान शब्दांकडे वळून पाहू लागले. पण मराठवाड्यात हा शोध फार लवकर भांडणावर येतो, कारण इथल्या बोलण्यात संस्कृत, कानडी, तेलुगू, फारसी, दखनी सगळंच मुरलेलं आहे. सध्या वाद रंगतो तो ‘सायफर’वर. सायफर म्हणजे गुप्तलेखन, सांकेतिक लिपी. एक पक्ष म्हणतो, शून्याचं अरबांनी सिफर केलं, सिफरचं युरोपने सायफर केलं, म्हणजे जगातली सगळी गुप्तलेखनविद्या मुळात आपली. दुसरा पक्ष म्हणतो, सिफर अस्सल अरबी. निजामाच्या काळात गणितात नापास झालेल्या पोराला सिफरच मिळायचा, त्याला आता उगाच जानवं घालू नका. पहिल्याला शब्दाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव लावून हवं आहे, दुसऱ्याला ते नाव कमी करून हवं आहे. या शब्दाच्या प्रवासातून शिकण्यासारखी जी एकमेव गोष्ट आहे, ती दोघांनीही वाटेत टाकून दिली आहे. ती अशी की, गुप्तपणा अक्षराच्या अंगात नसतो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी उघडं अक्षरही गुप्तच. आणि ही गोष्ट कळण्याची सगळ्यात जास्त गरज आज मराठवाड्यालाच आहे, कारण आपल्या तहसिलींत, देवस्थानांत आणि घरोघरच्या ट्रंकांत जुन्या दप्तरातले असे कागद पडून आहेत जे लिहिणाऱ्याने कधीच लपवले नव्हते आणि तरी आज गूढ होऊन बसले आहेत.

आधी शब्दाचा हिशेब चुकता करू. ‘सिफर हा शून्याचा अपभ्रंश’ हे विधान चूक आहे. अरबी भाषेत स-फ-र या धातूला रिकामं असण्याचा अर्थ आधीपासून होता. भारतीय गणित बगदादेत पोहोचलं तेव्हा तिथल्या पंडितांनी ‘शून्य’ हा उच्चार उचलला नाही. त्याचा अर्थ, म्हणजे रिकामेपण, आपल्या भाषेत सांगितला. प्रवास अर्थाने केला, ध्वनीने नाही. पण म्हणून दुसरा पक्षही जिंकत नाही. सिफर हा शब्द अरबी असला तरी त्या शब्दाला गणितात जी जागा मिळाली ती भारतीय शून्यामुळे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा आपण आज लिहितो तसाच शून्यासकट कोरलेला आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने हिंदी, म्हणजे भारतीय, आकडेमोडीवर ग्रंथ लिहिला आणि ही पद्धत हिंदूंची असं मोकळेपणाने सांगितलं. घेणाऱ्याने ऋण मान्य केलं होतं. भांडण लावलं ते हजार वर्षांनी आपण.

पुढची मजा युरोपात आहे, आणि इथे थोडं थांबलं पाहिजे. १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीने आपल्या ग्रंथात हिंदी आकडे समजावून देताना सिफरचं लॅटिन रूप केलं ‘झेफिरुम’. त्याचं इटालियन बोलींत झिजत झिजत ‘झीरो’ झालं. त्याच सिफरची दुसरी शाखा ‘सिफ्रा’ अशी वाढली. तिचा अर्थ आधी शून्य, मग कुठलाही आकडा. फ्रेंचमधला ‘शिफ्र’ आणि जर्मनमधला ‘त्सिफर’ आजही साध्या आकड्याला म्हणतात. रशियनने तर दोन्ही वाटांनी हा शब्द आत घेतला: ‘त्सिफ्रा’ म्हणजे आकडा आणि ‘शिफ्र’ म्हणजे गुप्तलेखन. इंग्रजीत सायफर म्हणजे आधी शून्य होतं. मग ज्याला कुणी विचारत नाही असा माणूसही सायफर झाला. गुप्तलेखनाचा अर्थ तिथे सोळाव्या शतकात रुळला. तोवर इटलीतल्या दरबारांत राजदूतांची पत्रं अक्षरांऐवजी आकडे आणि चमत्कारिक खुणा वापरून लिहिली जाऊ लागली होती. पंधराव्या शतकात आल्बेर्तीने अशा लेखनावर ग्रंथ लिहून अक्षरांच्या फिरत्या चकत्यांची युक्ती सांगितली आणि १५०६ मध्ये व्हेनिसने असली पत्रं फोडण्यासाठी जोव्हान्नी सोरो नावाचा माणूस पगारावर ठेवला. आकड्यांसारख्या खुणांनी लिहिलेलं ते सायफर. म्हणजे ज्या चिन्हाने आपल्याकडे हिशेब सोपा केला, त्याच चिन्हाचं नाव युरोपात न कळणाऱ्या लेखनाला मिळालं.

इथे एक गोड गोष्ट हमखास सांगितली जाते. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत नवे आकडे वापरायला बंदी घातली. व्यापारी ते चोरून वापरू लागले. म्हणून सिफर म्हणजे गुप्त. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिचे सांधे जुळत नाहीत. बंदी खरी होती. तिच्यामागची भीती अशी की शून्याला शेपूट जोडून सहा किंवा नऊ करता येतो आणि वहीत खाडाखोड सोपी होते. भीती अफरातफरीची होती. शिवाय बंदी आणि शब्दाचा गुप्तलेखनाशी जोडलेला अर्थ यांच्यात बराच काळ मोकळा जातो. तरी ही गोष्ट सगळ्यांना का आवडते? कारण तिच्यात शून्य हा नायक आहे आणि नायकाला वनवास लागतो. शब्दांच्या व्युत्पत्तीत आपल्याला इतकं नाट्य का हवं असतं, हा वेगळ्या लेखाचा विषय.

खरा पेच त्या आधीचा आहे आणि तो दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. गुप्त मजकुरातलं कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं, त्या भाषेत कुठलं अक्षर सर्वांत जास्त येतं ते पाहायचं आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून मजकूर फोडायचा, ही पद्धत त्याने लिहून ठेवली. गुप्तलेखन फोडण्याचं शास्त्र म्हणावं असं हे ज्ञात असलेलं पहिलं लेखन. अल्-किंदीने हिंदी आकड्यांवरही लिहिलं होतं. म्हणजे सिफर आणि गुप्तलेखन दोन्ही एकाच माणसाच्या मेजावर होते. तरी त्याने गुप्त मजकुराला सिफर म्हटलं नाही. त्याचा शब्द होता ‘मुअम्मा’. हा शब्द मराठवाड्यातल्या उर्दू बोलणाऱ्याला आजही ठाऊक आहे, कोडं या अर्थाने. ज्यांना शून्य वाचता येत होतं त्यांना शून्यात काही गूढ दिसलंच नाही. गूढ दिसलं ते ज्यांना ते नवं होतं त्यांना. पुढे आधुनिक अरबीने गुप्त संकेतासाठी ‘शिफ्रा’ हा शब्द घेतला, तोही फ्रेंचकडून. आपलाच शब्द परदेशी होऊन घरी परत आला, तेव्हा तो दुसराच अर्थ घेऊन आला होता. मग सातबारा कुणाच्या नावे करायचा?

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य केलं पाहिजे. अभिमानाची बाजू अगदीच पोकळ नाही. शाळेच्या पुस्तकांनी पिढ्यानपिढ्या गणिताचा इतिहास ग्रीसपासून सुरू करून युरोपात संपवला. त्याला उत्तर म्हणून कुणी ब्रह्मगुप्ताचं नाव मोठ्याने घेत असेल तर त्यात गैर काय? दुसरं, गुप्तलेखनाची परंपरा इथे होती आणि जाणीवपूर्वक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांनी ‘संज्ञालिपी’ने बातम्या पोहोचवाव्यात असं सांगितलं आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ धरला आहे, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून लिहिण्याची कला. बोटांच्या खुणांची करपल्लवी, डोळ्यांच्या इशाऱ्यांची नेत्रपल्लवी हे शब्द तर आपल्या आज्या सहज वापरायच्या. मग ‘गुप्तपणा अक्षरात नसतो’ हे माझं म्हणणं टिकतं का? कुणी मुद्दाम कुलूप लावलं असेल तर दोष वाचणाऱ्याच्या अज्ञानावर कसा ढकलायचा?

याची परीक्षा मराठवाड्याच्याच दोन उदाहरणांवर घेऊ. पहिलं उदाहरण नंदभाषेचं. व्यापारी-सराफांची ही आतली बोली; गिऱ्हाइकासमोर भाव बोलायचा आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही, यासाठी आकड्यांना वेगळी नावं. तीनला उधानू, पाचाला मुळू, दहाला अंगुळू. हेतू शंभर टक्के लपवण्याचा. आणि तरी औंढा नागनाथशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ज्यांनी नामदेवांना तिथे गुरुपदेश केला अशी परंपरा सांगते, त्या विसोबा खेचरांच्या नावावरचा एक अभंग याच बोलीत आहे. त्यात शंकराचं वर्णन मुळू वदनांचा, उधानू नेत्रांचा, अंगुळू हातांचा असं येतं: पाच तोंडं, तीन डोळे, दहा हात. पेढीवरची बोली देवळात आली. आता तिच्यात काय लपवायचं? पंचमुखी शिव तर सगळ्यांना माहीत. संताने तीच कुलूपकिल्ली भजनाला लावली आणि ऐकणाऱ्याला ‘ओळख पाहू’ म्हणून खेळात घेतलं. बोली तीच, शब्द तेच; गुप्तपणा मात्र पेढीवर उरला, अभंगात उरला नाही. आज ती पेढी गेली, बोली बोलणारे गेले. त्यामुळे कधी काळी खेळ असलेला तो अभंग टीप दिल्याशिवाय कळत नाही. आधी तो कळू नये म्हणून कुणी काही केलं नव्हतं.

दुसरं उदाहरण जास्त मोठं आणि जास्त दुखरं आहे: महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्या. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचं पैठणला वास्तव्य झालं, पंथाची कितीतरी स्थानं गोदाकाठाने पसरलेली आहेत. त्यांनी मराठीत निरूपण केलं, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा मराठी गद्यात लिहिल्या, तेच लीळाचरित्र. चक्रधरांनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी तर आपले शिष्य केशिराज यांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवलं. कारण सांगितलं की त्यामुळे माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील. धर्म बाईच्या कानापर्यंत पोहोचलाच पाहिजे, अशी ही भूमिका. आणि त्याच पंथाने चौदाव्या शतकात, परंपरेप्रमाणे रवळोव्यासांच्या हातून, सकळ लिपी तयार केली आणि पोथ्या तिच्यात लिहिल्या. पुढे सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. मराठी गद्याचा हा सगळा आरंभ पाचेकशे वर्षं इतर मराठी माणसाच्या नजरेआड राहिला.

हे का घडलं यावर दोन सोपी उत्तरं दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. एक म्हणतं, सुलतानी आली म्हणून पोथ्या लपवल्या. पण दिल्लीच्या किंवा दौलताबादच्या सरदाराला बाळबोध तरी कुठे वाचता येत होतं? त्याच्यापासून लपवायला लिपी बदलण्याचं कारणच नव्हतं. दुसरं म्हणतं, कर्मठांपासून वाचवण्यासाठी. याच्यात तथ्य जास्त आहे, कारण पंथाचा छळ झाला, निंदा झाली. तरी प्रश्न उरतो: लपवायचंच होतं तर इतकं कच्चं कुलूप कशाला? सकळ लिपी म्हणजे मुख्यतः एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. अल्-किंदीची रीत ठाऊक असलेल्या माणसाने ती काही दिवसांत उलगडली असती. पंथाच्या आत तर ती प्रत्येक शिकाऊ साधकाला शिकवली जात होती. पंजाबात, अगदी काबूलपर्यंत गेलेल्या महानुभावांनी तीच लिपी सोबत नेली आणि मराठी पोथ्या तिकडे टिकल्या. पाठ बिघडू नये, अनधिकारी माणसाने त्यात भर घालू नये, हा तिचा मोठा उपयोग होता. लिपी कुंपणाचं काम करत होती. कुंपणाबाहेरच्यांनी पाचशे वर्षांत किल्ली मागितली नाही, हा इतिहासाचा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. किल्ली मागण्याऐवजी आपण काय केलं? ‘मानभाव’ या त्यांच्या नावावरून ‘मानभावी’ हे विशेषण बनवलं आणि ते ढोंगी माणसाला लावलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध केली, तेव्हा आत काय निघालं? कटकारस्थान नव्हतं. भिक्षा, प्रवास, भोजन, प्रश्नोत्तरं, तेराव्या शतकातला बाजार आणि बोलणं निघालं.

महानुभावांची बाजू मी निर्दोष ठरवत नाही. म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांच्या म्हाताऱ्यांपासून पोथी दूर ठेवली, ही विसंगती आहेच आणि तिची किंमत मराठीने मोजली. पैठणच्याच एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, अपपाठ काढले आणि ती पोथी उघड्यावर ठेवली. पाठ शुद्ध राखण्याचा हाही एक मार्ग होता. वाचणारे वाढवून पाठ राखायचा की कमी करून? ज्ञानेश्वरी घरोघर गेली, लीळाचरित्र मठात राहिलं. यातला फरक अक्षरांनी केलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. महानुभावांनी निदान ठरवून कुंपण घातलं. पण मोडीचं काय? मोडी ही जलद लिहिण्याची लिपी, हात न उचलता लिहायची. मोडली म्हणून मोडी, असं सांगतात. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख, हेमाद्री याच्याशी तिचं नाव जोडलं जातं. फारसी-उर्दू कागदांतल्या जलद वळणालाही ‘शिकस्ता’ म्हणतात, त्याचाही अर्थ मोडलेली. घाईत असलेल्या दोन कारकुनांची दोन अक्षरं. दोघांनाही काही लपवायचं नव्हतं. दोघांनाही संध्याकाळच्या आत काम संपवायचं होतं. आज मात्र वर्तमानपत्रात मोडीची बातमी येते ती ‘गूढ लिपी’ म्हणून. शंभर वर्षांपूर्वी कुलकर्ण्याचं पोर जी लिपी सहज गिरवत होतं, ती आता सायफर झाली आहे. सिफरचं युरोपात जे झालं तेच.

मराठवाड्याचं दुखणं त्याहून एक पायरी पुढचं आहे. उरलेल्या महाराष्ट्राला जुना कागद वाचायला मोडी पुरते. आपल्याला मोडी लागते, फारसी लागते, आणि १८८० च्या दशकात निजामाच्या दप्तराची भाषा बदलली म्हणून उर्दूही लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा महसूल याच भाषांत आहे. सेतवार (जमीन मोजणीची नोंद), पाहणी पत्रक (पीक आणि कब्जाची नोंद), इनामाचा मुंतखब (इनाम मान्य केल्याचा हुकूम) यातला एक कागद समजायचा तर भाषा येऊन भागत नाही. तारीख फसली सनात, म्हणजे महसुली वर्षगणनेत असते. तिच्यात ५९० मिळवले की इसवी सन सापडतो. महिन्यांची नावं आझर, दै, बहमन अशी इराणी असतात. रकमा सियाकात असतात, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांच्या आखूड केलेल्या खुणांत. या सियाकात शून्याला जागाच नाही. शंभराची खूण वेगळी, हजाराची वेगळी. ज्या आकड्यांत सिफर नाही, तेच आज आपल्याला सगळ्यात अवघड सायफर झाले आहेत.

हे अभ्यासकांपुरतं राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत एकाएकी मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने निजामकाळातलं हैदराबाद गॅझेटियर पुन्हा चर्चेत आणलं. त्या आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं मत काय असावं हे इथे सांगायचं नाही. पण एवढं तर पक्षभेद विसरून दिसायला हवं की, लाखो घरांचं भवितव्य ज्या ओळींवर ठरतं असं आपण म्हणतो, त्या ओळी वाचू शकणारी माणसं आपण पंच्याहत्तर वर्षांत तयार केली नाहीत.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. कपाट उघडलं की भांडणं बाहेर येतील, असं जुने महसुली लोक सांगतात. इनामी जमिनी, देवस्थानं, दर्गे, वक्फ, जातीच्या नोंदी: एकेक कागद म्हणजे एकेक खटला. बंद आहे ते बरं आहे. या म्हणण्यात अनुभव आहे. १९५२ च्या हैदराबाद अतियात (म्हणजे इनामं) चौकशी कायद्याखालची प्रकरणं किती वर्षं चालतात हे ज्यांनी पाहिलं त्यांची भीती पोकळ नाही. पण न वाचलेला कागद तटस्थ असतो, हे यातलं गृहीतच चूक आहे. तो कुणासाठी तरी बंद असतो आणि कुणासाठी तरी उघडा. ज्याच्याकडे वाचणारा आहे, किंवा वाचणारा विकत घ्यायची ऐपत आहे, त्याला मुंतखबात काय आहे ते खटल्याआधीच माहीत असतं. ज्याच्याकडे नाही तो म्हणेल तिथे अंगठा लावतो. हाळीच्या किंवा माळेगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तेव्हा खुणा दलालाला आणि व्यापाऱ्याला कळतात. ज्याचा बैल आहे त्याला त्या खुणा येत नसतील तर स्वतःच्याच बैलाचा भाव तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. म्हणून तर बाजार समित्यांमध्ये शेतमालाला उघड लिलावाचा नियम आला. धान्याच्या भावाला जो न्याय लावला तो जमिनीच्या कागदाला का नको? भांडण टळेल म्हणून बोली बंद ठेवा, असं लातूरच्या आडतीत कुणी म्हणालं तर शेतकरी ऐकून घेईल का?

आणि इथेच शब्दावरच्या त्या भांडणाची किंमत दिसते. जुना उर्दू कागद वाचायला शिकवावं असा सर्वांत तयार गडी कुठे आहे? बीड, परभणी, नांदेडच्या उर्दू माध्यमाच्या शाळांत. त्याला छापील उर्दू येते, मराठी बोलता येते. शिकस्ता, सियाक आणि महसुली शब्द शिकवले की तो उभा राहील. मोडीसाठी तयार गडी मराठी शाळेत आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, हे त्याला बहुधा कळलेलंही नसतं. हे दोघं एका बाकावर बसले तर मराठवाड्याचं दप्तर वाचून होईल, कारण एकाच गावाची नोंद एका कागदावर मोडीत आणि दुसऱ्यावर उर्दूत सापडते. त्या दोघांना एका बाकावर बसवायचं सोडून आपण एकाला सांगतो सिफर तुझा परका आहे, आणि दुसऱ्याला सांगतो शून्य तुझं थोर आहे. पहिला बाकावरून उठून जातो. दुसरा थोरवीने खूश होऊन वाचायचं विसरतो.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीचा आहे: आता यंत्रच वाचेल, माणसं कशाला शिकवता? वाचेल, आणि वाचावंच. पण यंत्राला शिकवायला आधी माणसाने वाचलेले नमुने लागतात; प्रत्येक कुलकर्ण्याचं मोडीचं वळण वेगळं, प्रत्येक मुन्शीची शिकस्ता वेगळी. शिवाय यंत्राने अमुक नाव वाचलं म्हणून तहसीलदार फेरफार मंजूर करणार नाही. वाचन बरोबर आहे असं सही करून, गरज पडली तर न्यायालयात उभं राहून सांगणारा माणूस लागेल. निजामी दप्तराचा मोठा साठा आजही हैदराबादेत, तेलंगणाच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. आपल्या जिल्ह्यांपुरत्या कागदांच्या प्रतिमा तिथून मागवणं, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत सियाक-शिकस्ता-मोडी असा एकत्र अभ्यासक्रम लावणं आणि प्रत्येक कागदाच्या प्रतिमेशेजारी त्याचं बाळबोध वाचन कुणालाही पाहता येईल असं ठेवणं, याला नवा कायदा लागत नाही. उर्दू आणि मोडीच्या वाचकांना ज्या घाईने २०२३ मध्ये बोलावलं, त्याच माणसांना वर्षभराचं मानधन देऊन पाहणी पत्रकांपासून सुरुवात करता येते. तिथले रकाने ठरलेले आहेत, शब्द पुन्हा पुन्हा तेच येतात आणि शिकणाऱ्याचा हात तिथेच सर्वांत लवकर बसतो.